कुवेतचा चिखल आणि प्रलयाची तिथी

(हेश्वान महिन्यातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



गेल्या शब्बाथला आपण येथे नोहाची पाराशा ऐकली. तारू, कावळा, कबूतर, जैतुनाचे पान हे सारे आपल्या मुलांनाही पाठ असते. मला आज त्या कथेतील एकाच गोष्टीविषयी बोलावयाचे आहे, आणि ती म्हणजे तिथी. तोरेत प्रलयाची तिथी एखाद्या हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने दिलेली आहे : नोहाच्या आयुष्याचे सहाशेवे वर्ष, दुसरा महिना, सतरावा दिवस. वंशावळीतील वयांची बेरीज केली की सृष्टीपासूनचे 1656 वे वर्ष येते. ही बेरीज दुसऱ्या शतकातील रब्बी योसे बेन हलाफ्ता यांच्या नावावर असलेल्या ‘सेदेर ओलाम’ या ग्रंथाच्या परंपरेतली, आणि आपले आजचे पंचांगही त्याच परंपरेवर चालते. इसवी सनाच्या भाषेत ते साल इ.स.पू. 2105 च्या सुमारास पडते.

या तिथीवरून माझा आणि माझ्या वडिलांचा एक वाद झाला होता. तो कुवेतमध्ये सुरू झाला म्हणून प्रथम कुवेतविषयी सांगतो.

मी 1997 साली तेथे गेलो आणि आठ वर्षे राहिलो. काम माती-परीक्षणाचे. किनाऱ्यावर धक्का, इमारत किंवा नळयोजना व्हावयाची असली की आधी जमिनीत खोल भोके पाडावयाची, निघालेले नमुने लाकडी पेट्यांत क्रमाने मांडावयाचे, प्रत्येकावर खोली लिहावयाची आणि पाया कोठे टेकेल ते सांगावयाचे. पासपोर्ट भारतीय, नाव शेवटी ‘कर’ असलेले. मी कोण हे कोणी विचारले नाही व मीही सांगितले नाही. शुक्रवारी संध्याकाळी पडदे ओढून तेलाचा दिवा लावीत असे. इमारतीखालच्या चहाच्या दुकानात जुन्या अरबी गाण्यांच्या टेपा लागत. त्यांतल्या काही चाली सालेह आणि दाऊद अल-कुवेती या भावांच्या होत्या. हे दोघे यहुदी, अनुक्रमे 1908 आणि 1910 साली कुवेतमध्येच जन्मलेले. चहा पिणाऱ्यांना ते ठाऊक होते की नाही, कोण जाणे. मला ठाऊक होते, आणि त्या दुकानात मला उगाच धीर वाटे.

कुवेतच्या उपसागराकाठी भोक पाडले की बहुधा एकच क्रम निघतो. वर करडा, मऊ, शिंपल्यांनी भरलेला चिखल, ज्याला पेटीतही समुद्राचा वास येतो. त्याखाली एकाएकी पिवळट, घट्ट, चुन्याने सांधलेली वाळू. तिला तेथे ‘गच’ म्हणतात. आपल्या चुनेगच्चीतला गच तो हाच असावा. म्हणून मला तो शब्द पहिल्या दिवसापासून घरचा वाटला. गच हा कोरड्या भूमीचा थर आहे, वरचा चिखल समुद्राचा आहे, आणि दोहोंमधली रेषा कित्येकदा इतकी स्वच्छ असते की सुरीच्या पात्याने दाखवावी. माझा भूगर्भशास्त्रज्ञ सहकारी, मनुष्य इजिप्तचा, एकदा त्या रेषेवर बोट ठेवून म्हणाला, “समुद्र येथे पोहोचला तो दिवस हा.”

त्या रात्री मी वडिलांना पत्र लिहिले. वडील अलिबागला असत, निवृत्त शाळामास्तर. आमच्या घराण्याचा घाणा आजोबांबरोबर संपला, परंतु शनिवार तेल्याचा हिशेबी स्वभाव वडिलांत उतरला होता आणि 1656 ची बेरीज ते कागदाविना करून दाखवीत. मी लिहिले की प्रलयाची रेषा मी आज डोळ्यांनी पाहिली, पण तुमचे साल चुकले आहे. इ.स.पू. 2105 च्या आसपास तर येथून अडीचशे किलोमीटरवरच्या ऊर नगरात राजा ऊर-नम्मू आपल्या वंशाची स्थापना करीत होता आणि त्याचे कारकून मातीच्या पाट्यांवर हिशेब लिहीत होते. त्या पाट्या कोठेही भिजून थांबलेल्या नाहीत. पत्रात इंजिनियरचा उर्मटपणा होता हे आज कबूल करतो.

मग खरे साल कोणते? हा प्रश्न मी पत्रात टाकला तेव्हा त्याचे उत्तर तयार आहे अशी माझी समजूत होती. तसे ते नव्हते, आणि शास्त्रज्ञांचा त्यावरचा वाद फार उद्बोधक आहे.

त्याचा आरंभ लंडनमध्ये, 3 डिसेंबर 1872 रोजी. ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ यांनी त्या दिवशी निनवेच्या ग्रंथसंग्रहातील एका पाटीचे वाचन जाहीर केले. तीत तारू, डोंगरावर टेकणे, पक्षी सोडणे हे सारे होते. नोहाची कथा मेसोपोटेमियातही सांगितली जात होती हे कळल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच आला : मग तेथल्या जमिनीत प्रलयाची खूण सापडेल काय?

1928-29 च्या हंगामात लेनर्ड वूली यांना ऊर येथे ती सापडल्यासारखी वाटली. वस्तीच्या थरांखाली दहा फुटांच्या आसपास जाडीचा स्वच्छ गाळ, आणि त्याच्याही खाली पुन्हा मडक्यांचे तुकडे. वूली यांनी हाच प्रलय असे जाहीर केले. परंतु ऊरपासून जवळच असलेल्या एरिदूला 1940 च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा तसा गाळ तेथे मिळाला नाही. किश आणि शुरुप्पक येथे गाळ मिळाला खरा, पण तो ऊरच्या गाळाहून कितीतरी अलीकडचा, शुरुप्पकचा इ.स.पू. 2900 च्या सुमाराचा. म्हणजे एक प्रलय नव्हे, तर फरात नदीचे निरनिराळ्या शतकांतले निरनिराळे पूर. मॅलोवन यांनी 1964 साली शुरुप्पकच्या पुराला पसंती दिली. माझ्या मते त्यांचा तर्क मडक्यांपेक्षा कथेवर अधिक विसंबलेला आहे : सुमेरी परंपरेत प्रलयातून वाचलेला झिउसुद्र शुरुप्पकशी जोडलेला आहे, म्हणून गाळही तेथलाच निवडला. 2014 साली पेनसिल्व्हेनियाच्या संग्रहालयात वूली यांनी पाठविलेला एक सांगाडा तळघरातील पेटीत पुन्हा ओळखला गेला. तो सुमारे 6,500 वर्षांपूर्वीचा, आणि त्याची कबर त्या गाळातच खोदलेली. गाळ बसल्यावर माणसे पुन्हा तेथे राहावयास आली होती. संग्रहालयवाल्यांनी त्याला ‘नोहा’ हे लाडके नाव दिले.

आता नदी सोडून समुद्राकडे वळू, कारण माझ्या पेटीतली रेषा समुद्राची होती. शेवटच्या हिमयुगात जगातील इतके पाणी बर्फ होऊन बसले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. इराणचे आखात सरासरी 35 मीटर खोल, आणि शंभर मीटरच्या पलीकडे क्वचितच कोठे. म्हणजे आज जेथून तेलाची जहाजे जातात तेथे तेव्हा कोरडे खोरे होते आणि तिग्रीस-फरातचे पाणी त्यातून वाहत होर्मुझच्या पलीकडे समुद्राला मिळत होते. कर्ट लॅम्बेक यांनी 1996 साली या खोऱ्याच्या बुडण्याचे गणित मांडले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे होर्मुझची चिंचोळी वाट सुमारे 14,000 वर्षांपूर्वी पाण्याखाली गेली. 12,500 वर्षांपूर्वी मधल्या खोलगट भागात समुद्र शिरू लागला. त्यानंतर हजारएक वर्षांनी पश्चिमेचा भाग. आणि आजची किनाररेषा 6,000 वर्षांपूर्वीच्या थोडे आधी गाठली गेली, नव्हे, मीटर-दोन मीटर ओलांडलीही गेली. कुवेत आखाताच्या अगदी टोकाला. तेथे पाणी सर्वांत शेवटी आले.

हा वर्षांचा पसारा पाहून कोणी म्हणेल की हा प्रलय कसला, ही तर भरती. मीही तसेच म्हटले असते. पण आखाताचा तळ किती सपाट आहे हे लक्षात घ्यावे. हजार किलोमीटर लांबीत जेमतेम शंभर मीटरचा उतार. पाणी सेंटिमीटरभर चढले की किनारा शंभर मीटर आत सरकतो. टेलर, ग्लेनी, लँकेस्टर आणि आपल्या अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील अशोक सिंघवी यांनी 2000 साली एक निबंध लिहिला, त्यात नोहाच्या प्रलयाचे नाव शीर्षकातच घेतले. त्यांच्या हिशेबाने समुद्र सरासरी वर्षाला सुमारे 140 मीटर पुढे आला, आणि काही काळात वर्षाला एक किलोमीटरहूनही अधिक. म्हणजे लग्नाच्या वेळी किनारा गावापासून दोन कोसांवर असला तर नातवंडे होईपर्यंत विहीर खारी झालेली आणि घर पाण्यात. त्या वेगाच्या काळात तर एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंत गाव जाई.

त्यांची रीतही सांगण्याजोगी आहे. आखाताचा तळ कोरडा असताना शमाल नावाचा वायव्येचा वारा तेथली शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू उडवून आजच्या अमिरातीत तिच्या टेकड्या उभारीत असे. समुद्र आला, वाळूचा पुरवठा तुटला. वाळूच्या कणाने शेवटचे ऊन केव्हा पाहिले हे दीप्तिमापनाने काढता येते. त्यावरून टेकड्यांचे वय, आणि टेकड्यांच्या वयावरून समुद्राच्या आगमनाचा अंदाज. शमाल आजही आहे. कुवेतमध्ये तो सुटला की दुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागत आणि आमच्या पेट्यांवर बोटभर वाळू साचे.

इतके सगळे सिद्ध असेल तर वाद कशाचा? वाद मोजमापाचा. शिंपल्याचे वय किरणोत्सारी कार्बनाने काढतात. पण समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, म्हणून समुद्रातला शिंपला आपल्या खऱ्या वयापेक्षा काही शतकांनी म्हातारा दिसतो. शिवाय कार्बनाची वर्षे आणि पंचांगाची वर्षे एक नव्हेत. दहा हजार कार्बन-वर्षे म्हणजे पंचांगाची सुमारे साडेअकरा हजार. दुरुस्ती कोणी कोणती केली हे न पाहता दोन निबंधांतील आकडे शेजारी ठेवले की भांडण ठरलेले. काळ्या समुद्राचे उदाहरण घ्या. रायन आणि पिटमन यांनी 1997 साली तेथे अचानक प्रलय झाल्याचे मांडले, 7,150 कार्बन-वर्षांपूर्वी. लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ते इ.स.पू. 5600 झाले, आणि 2003 साली स्वतः रायन यांनीच तो आकडा 8,400 वर नेला. आक्सू आणि हिस्कॉट म्हणाले, असा प्रलय झालाच नाही. 2009 साली डॅन्यूबच्या मुखाजवळील गाळावरून आणखी एका गटाने दाखविले की पाणी चढले, पण पाच-दहा मीटर. ज्या वर्तमानपत्रांनी ‘नोहाचा प्रलय सापडला’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते त्यांनी या दुरुस्त्या कोठे छापल्या असल्यास माझ्या पाहण्यात नाहीत.

आखाताबाबत दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. त्या खोऱ्यात माणसे होती काय? जेफ्री रोझ यांनी 2010 साली मांडले की होती. सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी आखाताच्या किनाऱ्यांवर एकाएकी डझनावारी वस्त्या दिसू लागतात : घरे, गुरे, व्यापार, घडविलेली मडकी, आणि मागे बाल्यावस्थेचा मागमूस नाही. ही माणसे बुडालेल्या खोऱ्यातून वर सरकली असावीत असा त्यांचा तर्क. हा तर्क मोहक आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी सावधपणे वागावे असे मला वाटते. त्याचा पुरावा पाण्याखाली आहे. जो पुरावा तपासता येत नाही तो खोटाही पाडता येत नाही. मडक्यांवरून पाहता पुष्कळांचा कल उत्तरेकडे, म्हणजे मेसोपोटेमियातील उबेद संस्कृतीकडे आहे.

आणि येथे कुवेतचा खरा पुरावा येतो. मी तेथे असतानाच, 1998 पासून, उपसागराच्या उत्तरेस सुबिया भागात रॉबर्ट कार्टर आणि हॅरिएट क्रॉफर्ड यांच्या ब्रिटिश पथकाने कुवेती अधिकाऱ्यांबरोबर एका टेकाडाचे उत्खनन चालविले. ठिकाणाला नावही नाही, नुसते ‘एच-3’. तेथे निघाले डांबराचे तुकडे. एका बाजूला बोरूच्या जुड्यांचे आणि दोरांचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्रात बराच काळ राहिलेल्या नावेच्या बुडाला धरतात ते शिंपी किडे, जसेच्या तसे चिकटलेले. सात हजार वर्षांहून जुनी, समुद्रात फिरलेली नाव. प्रत्यक्ष अवशेषांत याहून जुनी जगात सापडलेली नाही. रसायनशास्त्राने डांबराचा उगमही सांगितला : कुवेतचेच बुर्गान, जेथे 1938 साली तेल लागले. मातीची एक छोटी नावही मिळाली, आणि दोन काठ्यांची डोलकाठी रंगविलेली एक चकती.

मी ते वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला तोरेतला तो शब्द आठवला. तारवाला आतून-बाहेरून जे लावावयास सांगितले त्याला तेथे ‘कोफेर’ म्हटले आहे. डांबरासाठी तोरेत एरवी दुसरा शब्द येतो. ‘कोफेर’ हा या अर्थाने फक्त नोहाच्या तारवापाशी. बाबिलोनी भाषेत डांबराला ‘कुपरू’ म्हणत. कोकणात नावेच्या फटी बुजविण्याला ‘कलाफत’ म्हणतात आणि कुवेतमध्ये नाव बांधणारा तो ‘कल्लाफ’. शब्द असेच किनाऱ्याने फिरतात. ‘एच-3’ ची नाव म्हणजे नोहाचे तारू असे मी म्हणत नाही. मी इतकेच म्हणतो की समुद्र आपल्या शेवटच्या टप्प्यावर कुवेतच्या टोकाशी येत होता त्या शतकांत तेथली माणसे बोरूच्या नावेला डांबर लावून पाण्यावर राहत होती. हे शास्त्राने दिलेले आहे, आणि हे थोडे नव्हे.

कुवेतसमोरच्या फैलाका बेटाविषयी एक गोष्ट ओघात सांगतो. 1958 पासून डॅनिश पथकाने तेथे उत्खनन केले आणि ते बेट प्राचीन दिल्मुनचा भाग असल्याचे दाखविले. सुमेरी कथेत झिउसुद्राला प्रलयानंतर देवांनी दिल्मुनलाच ठेविले. त्याच बेटावर परवा-परवापर्यंत अल-खिद्रचे स्थान होते. दूरदूरचे भाविक नवस फेडावयास येत. खिद्र म्हणजे ज्याला मरण नाही तो, आणि मुसलमान परंपरेत त्याला पुष्कळदा एलियाहू हन्नाबीशी एकरूप मानतात. खंडाळ्याच्या खडकापाशी मलिदा करणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये. मला मात्र त्या बेटावर पाऊल ठेवताना चपला काढाव्याशा वाटल्या होत्या.

आता वडिलांचे उत्तर. पहिल्या दोन पत्रांत त्यांनी प्रलयाचा उल्लेखच केला नाही. घराची कौले, बहिणीचे बाळंतपण, आंब्याचा मोहोर. तिसऱ्या पत्राच्या तळाशी एकच ओळ होती : ‘रोश हशाना, अकरावे पान पाहा.’ आपल्या समाजात तालमूदाचे वाचन उशिरा आले हे आपण जाणता. वडिलांनी ते मुंबईच्या एका ग्रंथालयात इंग्रजी भाषांतरातून, सुट्टीच्या दिवसांत, वहीत उतरवून घेत वाचले होते. माझ्याजवळ कुवेतमध्ये ते पुस्तक नव्हते व मागविण्याची सोय नव्हती. खरे सांगावयाचे तर मी ते मनावरही घेतले नाही. 2003 च्या पावसाळ्यात वडील गेले. मी दफनाला पोहोचू शकलो नाही. सात दिवसांच्या सुतकात, जमिनीवर बसून, त्यांच्या वहीतले ते पान मी वाचले.

तेथे रब्बी एलियेझर आणि रब्बी यहोशुआ यांचा वाद आहे. सृष्टी तिश्रीत झाली की निसानमध्ये? एलियेझर म्हणतात तिश्रीत; म्हणून प्रलयाचा दुसरा महिना हेश्वान. यहोशुआ म्हणतात निसानमध्ये. म्हणून दुसरा महिना इय्यार. एकाचा प्रलय पावसाच्या आरंभी, दुसऱ्याचा उन्हाळ्याच्या तोंडावर. आणि पुढे ज्ञात्यांचा निवाडा असा की प्रलयाची गणना एलियेझर यांच्या मताने करावी आणि सूर्याच्या अयनांची यहोशुआ यांच्या मताने. ज्याचे साल वडील पाठ म्हणत, त्याच्या महिन्यावर दोघा थोरांचे एकमत नव्हते हे ते सारा वेळ जाणून होते. वहीत समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिले होते : ‘कशाची गणना, त्यावर आरंभ.’

लॅम्बेक, सिंघवी, रायन यांचे वाद मी पुढे पुन्हा वाचले ते या ओळीच्या प्रकाशात. होर्मुझपाशी उभे राहून विचारले तर प्रलय 14,000 वर्षांपूर्वीचा. सुबियाला उभे राहून विचारले तर त्याच्या जवळजवळ निम्म्या वयाचा. फरातच्या पुराविषयी विचारले तर तिसरेच साल. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या आपल्या पूर्वजांच्या गलबताचेही असेच आहे. हाईम शमुएल केहिमकर यांनी ते इ.स.पू. 175 च्या सुमारास ठेवले. 2016 साली जनुकांच्या अभ्यासाने आपल्या रक्तातील मिश्रण साडेसहाशे ते एक हजार पन्नास वर्षांपूर्वीचे काढले, आणि लगेच काहींनी गलबतही तितकेच अलीकडे ओढले. मिश्रणाचे साल म्हणजे आगमनाचे साल नव्हे, हे माझ्या इजिप्शियन सहकाऱ्याने पेटीकडे पाहून एका क्षणात सांगितले असते. गाळ बसला त्याचे वय म्हणजे पाणी प्रथम आले त्याचे वय नव्हे.

वडिलांच्या मेजाच्या खणात, महझोरखाली, एक शिंपला निघाला. पहिल्या रजेत मीच तो नेऊन दिला होता, कुवेतच्या एका भोकातून आलेला, ऐन रेषेवरचा. माझी नात आता तो हातात घेऊन विचारते की हा नोहाच्या प्रलयातला का. आजकाल एवढ्याशा तुकड्यावरून प्रयोगशाळा वय काढून देतात, आणि मी चौकशीही केली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की नमुना कोणत्या भोकातला आणि किती खोलीवरचा. आठ वर्षे मी प्रत्येक नमुन्यावर खोली लिहीत होतो. या एकावर लिहिलेली नाही.